दोन ब्रँचमधला एकच लोड वर उचलताना

इफच्या डाव्या बाजूला मेमरीतल्या एका पत्त्यावरून चार बाइट वाचले जातात (असं वाचन म्हणजे लोड). उजव्या बाजूलाही तिथूनच, तेवढेच. शर्त कशीही लागो, वाचन टळत नाही. मग ते इफच्या आधी एकदाच का करू नये? फळ्यावर हे दोन मिनिटांत पटतं. एलएलव्हीएम या कंपायलर बांधण्याच्या साधनसंचाच्या एका जुन्या शाखेवर हा बदल नव्या आवृत्तीतून मागे आणताना मात्र लोड हलवणारा कोड थोडक्यात आटोपला आणि खरा वेळ गेला तो 'इथे हलवू नकोस' हे कंपायलरला शिकवण्यात. त्या कामाची ही टिपणं. एलएलव्हीएम आयआर (कंपायलरची मधली भाषा) वाचता येतं आणि एसएसए (प्रत्येक नावाला एकदाच किंमत देण्याची पद्धत) म्हणजे काय ते माहीत आहे, असं धरून लिहिलं आहे.

आधी सगळ्यात साधा आकार:

प्रवेश: शर्त खरी → डावा, खोटी → उजवा
डावा: व१ = लोड [प+८]; ब१ = व१ + १; → संगम
उजवा: व२ = लोड [प+८]; ब२ = व२ × ३; → संगम
संगम: ब = फाय (डाव्याकडून ब१, उजव्याकडून ब२)

फाय म्हणजे आलेल्या वाटेनुसार किंमत निवडणारी सूचना. या आकारासाठी नवीन काही लिहायची गरज नाही. एलएलव्हीएमचा सिम्प्लिफाय-सीएफजी हा पास (कोडवरून फिरून तो सुधारणारा एक टप्पा) दोन्ही ब्लॉकच्या डोक्यापासून जोडीजोडीने सूचना तपासत खाली येतो आणि सारख्या दिसल्या की वर उचलतो. मध्ये न जुळणाऱ्या सूचना आल्या तर तो ठरावीक मर्यादेपर्यंत त्या ओलांडतो. ती मर्यादा मूळ सेटिंगला २० आहे. हे उचलणं पाइपलाइनमध्ये मुद्दाम उशिरा ठेवलं आहे. लवकर केलं तर ब्लॉकची मांडणी बदलते आणि लूपवर काम करणाऱ्या पुढच्या पासना ओळखीचे आकार सापडत नाहीत. जीसीसी या दुसऱ्या कंपायलरमध्ये हेच काम कोड हॉइस्टिंग या नावाने ७ व्या आवृत्तीत, म्हणजे २०१७ मध्ये आलं आणि ओ२ या ऑप्टिमायझेशन पातळीला ते आपोआप चालू असतं. एलएलव्हीएममध्ये जीव्हीएन-हॉइस्ट नावाचा स्वतंत्र पासही आहे, पण तो मूळ सेटिंगला बंद असतो. मर्ज्ड-लोड-स्टोअर-मोशन या पासच्या नावात लोड अजून आहे, पण आता तो फक्त स्टोअर (मेमरीत लिहिणाऱ्या सूचना) खाली ढकलतो. नाव वाचून त्याच्या भरवशावर राहू नये.

आम्हाला हवा होता तो आकार जरा वाकडा आहे:

अलीकडे: व० = लोड [प]; → संगम
प्रवेश: शर्त खरी → बाजू, खोटी → संगम
बाजू: व१ = लोड [प]; …
संगम: व२ = लोड [प]; …

संगमात दोन वाटांनी येता येतं. 'अलीकडे'कडून येताना किंमत हातात असते, 'प्रवेश'कडून येताना नसते. म्हणजे व२ हा अर्धवट अनावश्यक लोड. प्रवेश ते संगम ही कड क्रिटिकल आहे: जिथून निघते तिथून दोन वाटा फुटतात आणि जिथे पोचते तिथे दोन वाटा मिळतात. जुनं जीव्हीएन (सारख्या किमती ओळखून पुनरावृत्ती काढणारा पास) अशा ठिकाणी कड तोडून मध्ये एक ब्लॉक घालायचं आणि नवा लोड त्यात ठेवायचं. लोड संगमातून त्या ब्लॉकमध्ये गेला एवढंच. वर एका जंपची भर. पण 'बाजू'मध्येही तोच लोड आहे, याकडे त्याचं लक्षच नव्हतं. प्रवेशातून कुठेही गेलं तरी प वाचलाच जाणार असेल, तर लोड प्रवेशाच्या शेवटी एकदाच ठेवावा, व१ आणि व२ दोन्ही काढावेत, आणि कड तोडूच नये. जीव्हीएनच्या लोड-पीआरईमध्ये (पीआरई म्हणजे अर्धवट अनावश्यक गणितं काढणं) २०२३ मध्ये नेमकी हीच सुधारणा आली. आमची शाखा त्याआधीची.

क्रिटिकल कडेचा हा त्रास पीआरईला पाळण्यापासून चिकटलेला आहे. मोरेल आणि रेनव्हॉज यांची १९७९ ची मूळ पद्धत नवी गणितं ब्लॉकमध्येच ठेवायची, कडेवर नाही, आणि म्हणून काही पुनरावृत्ती तिच्या हातून सुटायच्या. त्या पद्धतीत कडेवर गणित ठेवण्याची सोय करून ती व्यवहारात वापरण्याजोगी करण्याचं काम पवईच्या आयआयटीतले डी. एम. ढमढेरे यांनी केलं. त्यांचा त्यावरचा प्रसिद्ध निबंध १९९१ चा. क्रिटिकल एज हा शब्द जीव्हीएनच्या कोडमध्ये पावलोपावली भेटतो, तेव्हा त्यातला थोडा भाग पवईचा आहे हे लक्षात असू द्यावं.

आता काम. उमेदवार निवडण्याच्या अटी मुद्दाम कडक ठेवल्या. व्होलटाइल आणि अ‍ॅटॉमिक लोड (ज्यांची संख्या किंवा क्रम बदलायचा नसतो ते) पहिल्याच ओळीत बाहेर. प्रवेशाच्या शेवटी साधी दोन वाटांची ब्रँच हवी. स्विच, इन्व्होक, इनडायरेक्ट ब्रँच नको. 'बाजू'ला प्रवेश हा एकमेव पूर्वज (तिथे नेणारा ब्लॉक) हवा, नाहीतर दुसऱ्या वाटेने आलेल्याच्या हातात किंमतच नसेल. आणि नवे लोड घालावे लागणारे पूर्वज एकाहून जास्त असतील तर विषय सोडून द्यायचा, नाहीतर कोड घटण्याऐवजी फुगतो.

'बाजू'तल्या सूचना शोधताना मोजणीला १०० ची मर्यादा आहे. मशीनने तयार केलेल्या कोडमध्ये हजारो सूचनांचा एकेक ब्लॉक असतो आणि ही शोधाशोध प्रत्येक अर्धवट अनावश्यक लोडमागे होते, म्हणून मर्यादा लागतेच. मात्र मोजताना डीबग माहितीच्या सूचना वगळायच्या. त्या धरल्या, तर डीबग माहितीसह बांधताना मर्यादा लवकर संपते, तिच्याशिवाय बांधताना संपत नाही, आणि एकाच सोर्समधून दोन वेगळे प्रोग्राम तयार होतात. ही चूक नेहमीच्या चाचण्यांत दिसत नाही. दोन्ही तऱ्हेने बांधून टेक्स्ट सेक्शन (प्रोग्राममधला मशीन कोड) बाइटला बाइट ताडून पाहिले तरच सापडते.

मग 'सारखा लोड' म्हणजे काय? प्रकार एक, अलाइनमेंट (पत्ता किती बाइटच्या पटीत आहे ते) एक, आणि पत्ता म्हणजे तीच एसएसए किंमत. फसगत होते ती या शेवटच्या अटीत. स्ट्रक्चरचं पहिलं फील्ड वाचत असाल तर पत्ता म्हणजे प स्वतःच, आणि जुळणी होते. दुसरं फील्ड असेल तर प्रत्येक ब्लॉकमध्ये प+८ काढणारी स्वतंत्र जीईपी सूचना असते. दोघींची किंमत एकच, नावं मात्र दोन. भावंडं ब्लॉक असल्याने एक दुसऱ्याला डॉमिनेट करत नाही (एकात पोचायला दुसऱ्यातून जावंच लागतं असं नसतं), म्हणून जीव्हीएन त्यांना एक करत नाही, आणि पीआरई तर जीईपीला हातच लावत नाही. परिणाम असा की फील्डांचा क्रम बदलला की ऑप्टिमायझेशन लागतं किंवा सुटतं. पहिल्यांदा हे पाहिल्यावर आपल्याच पासवर शंका येते. सिम्प्लिफाय-सीएफजीचं तसं होत नाही, कारण तो आधी जीईपीची जोडी उचलतो. मग लोडचे ऑपरंड आपसूक सारखे होतात आणि तेही मागोमाग वर जातात.

यापुढची पायरी मेमरीची. 'बाजू'त लोडच्या आधी त्याच पत्त्यावर लिहू शकणारा स्टोअर किंवा कॉल असेल तर लोड हलत नाही. हे मेमरी-डिपेंडन्स विश्लेषण सांगतं: उत्तर 'नॉन-लोकल' आलं, म्हणजे ब्लॉकच्या आत त्याला अडवणारं काही नाही, तर पुढे जायचं. पण तेवढ्यावर थांबलं तर चूक होते, आणि ती कशी होते ते जवळून पाहण्यासारखं आहे:

बाजू: कॉल तपास(प); व१ = लोड [प]

'तपास' मेमरीत काहीही लिहीत नाही, फक्त वाचतो, तशी त्याच्यावर खूणही आहे. प नल असेल तर तो एक्सेप्शन टाकतो आणि परतच येत नाही. मेमरी-डिपेंडन्सच्या दृष्टीने लोड मोकळा आहे, कारण लिहिणारं कुणी नाही. म्हणून लोड उचलला आणि लावला वर, तर 'तपास' चालायच्या आधीच नल पॉइंटर वाचला जातो. नीट हाताळला गेला असता असा एक्सेप्शन मिळण्याऐवजी सेगमेंटेशन फॉल्ट येतो, आणि स्टॅक ट्रेस बोट दाखवतो ते इफच्या आधीच्या ओळीवर. ज्याने 'तपास' लिहिला तो डोकं आपटून घेतो, कारण त्याच्या कोडमध्ये तपासणी डोळ्यांसमोर आहे.

'लिहीत नाही' आणि 'नक्की परत येतो' ही दोन वेगळी वचनं आहेत. एलएलव्हीएममध्ये दुसऱ्यासाठी विलरिटर्न (परत येईल) आणि नोअनवाइंड (एक्सेप्शन टाकणार नाही) अशा वेगळ्या खुणा आहेत. म्हणून जीव्हीएनमध्ये सुप्त नियंत्रण-प्रवाहाची नोंद ठेवणारी वेगळी यंत्रणा असते. ब्लॉकमध्ये लोडच्या आधी 'कदाचित पुढे जाणार नाही' अशी सूचना आहे का, एवढंच तिला विचारायचं. हा प्रश्न 'बाजू'साठी विचारायचा आणि संगमासाठीही. आम्ही आधी एकाच बाजूला विचारला होता.

दोन्ही वाटांवर लोड नक्की होणार, या एका गोष्टीवर ही सगळी इमारत उभी आहे. लोड एकाच वाटेवर असता तर तो सट्टा झाला असता. मग प तिथे वाचण्याजोगा आहे हे डिरेफरन्सेबल अशा खुणेने किंवा स्टॅकवरच्या अ‍ॅलोकेशनवरून सिद्ध करावं लागतं. ते वेगळं प्रकरण आहे.

मेटाडेटा, म्हणजे सूचनेसोबतची जादा वचनं, हा सर्वांत फसवा भाग. दोन लोड सारखे आहेत का हे पाहताना त्यांच्यावर चिकटवलेला मेटाडेटा तुलनेत धरला जात नाही, आणि ते बरोबरच आहे. पण एकत्र करताना तो विसरला की चुकीचा कोड तयार होतो. उदाहरण: 'बाजू'त एक बाइट बूलियन म्हणून वाचला जातो, त्यावर फ्रंटएंडने (कंपायलरच्या सोर्स वाचणाऱ्या भागाने) 'किंमत ० किंवा १' अशी रेंज लावली आहे. संगमात तोच बाइट साधा पूर्णांक म्हणून वाचला जातो, तिथे रेंज नाही. एनम आणि युनियन वापरणाऱ्या कोडमध्ये हे सर्रास आढळतं. रस्टचा कंपायलर तर अशा खुणा मोकळ्या हाताने लावतो. वर ठेवलेल्या लोडने 'बाजू'ची रेंज तशीच नेली, तर संगमातली '५ आहे का?' ही तुलना पुढच्या एखाद्या पासमध्ये कायमची 'नाही' होते. त्या बाइटमध्ये खरोखर ५ असला तरीही.

नियम असा: रेंज दोघांवर असेल तर दोन्ही सामावणारी मोठी घ्यायची, एकावरच असेल तर काढून टाकायची. ०–१ आणि ०–९ मिळून ०–९. नॉन-नल आणि अलाइनमेंटच्या खुणा दोघांवर असतील तरच राहतात, अलाइनमेंटमध्ये लहान आकडा. इन्व्हेरियंट-लोड (तिथली किंमत बदलत नाही ही खूण) दोघांवरही असेल तरच राहतो. टीबीएएमध्ये (प्रकारांवरून दोन पत्ते वेगळे आहेत का ते सांगणाऱ्या खुणेत) दोघांचा सर्वांत जवळचा समान पूर्वज घ्यायचा. नोअनडेफकडे (किंमत ठरलेली आहे या वचनाकडे) वेगळं लक्ष द्यावं: रेंज, नॉन-नल आणि अलाइनमेंटची वचनं मोडली तर किंमत पॉयझन (विटलेली, वापरू नये अशी) होते, हे मोडलं तर थेट अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे प्रोग्राम काहीही करू शकतो. हे सगळं हाताने लिहू नये. सीएसईसाठी (सारखी गणितं एक करताना) मेटाडेटा जुळवणारं तयार फंक्शन आहे, ते वापरावं. नवा लोड संगमातल्या लोडवरून बनतो, म्हणून त्याचा मेटाडेटा 'बाजू'तल्या लोडशी जुळवायचा आणि मगच 'बाजू'तला काढायचा. क्रम उलटा झाला तर जुळवायला काही उरतच नाही.

डीबगच्या ओळीचंही तसंच. वर गेलेल्या सूचनेला दोनपैकी एका बाजूची ओळ दिली, तर डीबगरमध्ये पाऊल टाकताना कर्सर न घेतलेल्या वाटेवर उडी मारतो. शिवाय सँपलिंगवर चालणाऱ्या प्रोफाइलला ती वाट खूप चालली असं वाटतं आणि पुढचं बिल्ड चुकीच्या ब्लॉकला गरम मानतं. दोन्ही ओळी वेगळ्या असतील तर विलीन ओळ ० होते. दिसायला ओंगळ आहे, पण खरं आहे.

जुना लोड काढणं ही निव्वळ साफसफाई वाटते, पण आमचे क्रॅश सगळे तिथलेच. जीव्हीएन ब्लॉकमधल्या सूचनांवरून पुढे सरकत असतं. आपण दुसऱ्याच ब्लॉकमधली सूचना पुसतो, आणि तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी चार ठिकाणी असतात: व्हॅल्यू टेबल, लीडर टेबल, मेमरी-डिपेंडन्सचा कॅश आणि सुप्त प्रवाहाची नोंद. मेमरी-एसएसए चालू असेल तर पाचवं ठिकाण. एक जरी राहिली तरी क्रॅश होतो तो लगेच नाही, पन्नास फंक्शनं पुढे. असर्शन (कोडमधल्या आतल्या तपासण्या) चालू ठेवून बांधलेला कंपायलर यातल्या बऱ्याच चुका जागीच पकडतो, उरलेल्या अ‍ॅड्रेस सॅनिटायझर या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनासह बांधलेला पकडतो. या दोन बिल्डशिवाय हे काम सुरूच करू नये.

चाचण्यांची पद्धत सरळ: लहान आयआर फाइल, ऑप्टला (सुटे पास चालवणाऱ्या साधनाला) फक्त जीव्हीएन चालवायला सांगायचं, अपेक्षित आउटपुट फाइलचेकच्या (आउटपुट ताडणाऱ्या साधनाच्या) ओळींत, त्या ओळी हाताने न लिहिता अपडेट-टेस्ट-चेक्स या स्क्रिप्टने काढायच्या. 'लोड वर गेला' दाखवणाऱ्या चाचण्या मोजक्या पुरतात. 'गेला नाही' दाखवणाऱ्या भरपूर हव्यात: आधी स्टोअर, आधी परत न येणारा कॉल, व्होलटाइल, अलाइनमेंट वेगळी, 'बाजू'ला दोन पूर्वज, लूपची मागे जाणारी कड. प्रत्येक जोडी अलाइव्ह२ मधून काढायची. बदलाआधीचं आणि नंतरचं फंक्शन दिलं की तो बदल वैध आहे का ते सॉल्व्हरने तपासतो, आणि नसेल तर चुकणारी उदाहरण-किंमत हातात देतो. रेंजची चूक त्याने क्षणात दाखवली. लूप मात्र तो ठरावीक फेऱ्यांपर्यंतच उलगडून बघतो, म्हणून लूपच्या बाबतीत त्याचा होकार पूर्ण होकार मानू नये. मोठ्या प्रोग्राममध्ये काही बिघडलं तर ऑप्ट-बायसेक्ट-लिमिटने नेमका पास गाठायचा, मग एलएलव्हीएम-रिड्यूसने फाइल छाटायची. लोड का राहिला हे विचारायला क्लँगचे (एलएलव्हीएमवरच्या सी आणि सी++ कंपायलरचे) जीव्हीएनसाठीचे मिस्ड रिमार्क चालू करावेत. कोणत्या सूचनेमुळे अडलं ते त्यात लिहिलेलं असतं.

फायदा किती, हा प्रश्न शेवटी येतोच. एल१ कॅशमधून (प्रोसेसरला सर्वांत जवळच्या साठ्यातून) लोडला चार-पाच सायकल लागतात, आणि आउट-ऑफ-ऑर्डर (सूचना क्रम बदलून चालवणारा) प्रोसेसर त्या बहुतेक वेळा लपवतो. प्रत्येक फेरीत दोनाऐवजी एक लोड होणारं आतलं लूप असेल तरच वेळेत फरक दिसतो. एरवी मिळतं ते कोडचा आकार घटणं, आणि लोड ब्रँचच्या आधी सुटल्याने शर्त ठरेपर्यंत किंमत येऊन थांबलेली असणं.

तोटा दोन ठिकाणी होतो. एक्स८६ वर (इंटेल-एएमडी प्रोसेसरांवर) बेरजेची सूचना मेमरीतला ऑपरंड थेट घेऊ शकते. लोड त्या ब्लॉकमध्ये असता तर वेगळा मूव्ह लागलाच नसता. वर नेल्यावर मूव्ह वेगळा होतो आणि एक रजिस्टर अडकतं. एआर्च६४ वर (६४-बिट आर्मवर) बेरजेसारख्या सूचनांना मेमरी ऑपरंडच नसतात, म्हणून तिथे हा तोटा नाही. दुसरं ठिकाण कॉलचं. संगमात वापराच्या आधी कॉल असेल आणि लोड त्या कॉलच्या वर गेला, तर किंमत कॉलभर जिवंत ठेवावी लागते. लिनक्सवरच्या एक्स८६-६४ एबीआयमध्ये (कॉल कसे करायचे याच्या करारात) कॉलमधून सुखरूप परत येणारी रजिस्टरं सहा: आरबीएक्स, आरबीपी आणि आर१२ ते आर१५. ती भरलेली असली की स्पिल होतो, म्हणजे किंमत तात्पुरती मेमरीत ठेवावी लागते: एक स्टोअर, नंतर एक रीलोड. एक लोड वाचवायला निघालो आणि दोन मेमरी व्यवहार पदरात पडले, म्हणजे आगीतून फुफाट्यात. आयआरच्या पातळीवर हे दिसत नाही, कारण तिथे रजिस्टरं अमर्याद. म्हणून फक्त आयआरमधले लोड मोजून आनंद मानू नये. इंटेलवर पर्फ स्टॅट या मोजणीच्या साधनात रिटायर (चालून पूर्ण) झालेल्या सर्व लोडचा काउंटर आहे. तो, स्टोअरचा काउंटर आणि टेक्स्ट सेक्शनचा आकार, तिन्ही आधी आणि नंतर शेजारी ठेवून बघावेत. लोड घटले आणि स्टोअर वाढले, तर ते स्पिल आहेत.

जीईपीवाला प्रकार आम्ही जीव्हीएनमध्ये सोडवला नाही. पत्ते आधी उचलायचे, मग लोड उचलता येतो का पाहायचं, नाही जमलं तर पत्ते परत खाली ठेवायचे, एवढा खटाटोप त्या कोडला पेलवत नाही. दोन बाजूंचा साधा आकार असेल तिथे सिम्प्लिफाय-सीएफजी नंतर ते करतोच. क्रिटिकल कडेवरचा आकार तेवढा राहतो. त्याची चाचणी फाइलमध्ये ठेवली आहे, अपेक्षित आउटपुटमध्ये दोन्ही लोड जिथल्या तिथे, आणि वर एक शेरा: हे उचलायला हवं होतं.